कापडी हूडची गाडी आणि बेळगावचा पाऊस: एक खुलासा

‘कापडी हूडची दोन सीटची गाडी आपल्या पावसात टिकत नाही, कापडातून पाणी झिरपतं,’ असा मेसेज सध्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपवर फिरतोय. यातलं दुसरं वाक्य चुकीचं आहे, आणि त्यामुळे दुरुस्ती भलतीकडेच होते.

चांगल्या हूडच्या (म्हणजे उघडमिट होणाऱ्या छताच्या) कापडात रबराचा थर असतो. पाणी शिरतं ते काचेच्या कडेच्या रबरातून, नाहीतर तुंबलेल्या नळीतून. माझदा एमएक्स-५ या दोन सीटच्या गाडीच्या हूडवरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. टिळकवाडीत एका मित्राच्या जुन्या गाडीत (कंपनी वेगळी) पायाखालचं कार्पेट ओलंचिंब होतं. मेस्त्रीने नळीत मऊ वायर घातली, तर कुजलेल्या गुलमोहराच्या पाल्याचा काळा गोळा निघाला. हूड मात्र धडधाकट! जूनआधी त्या नळ्या साफ कराच, नाहीतर पाणी साचून पत्रा आतून गंजतो.

हूड कापडी म्हणून गाडी हलकी, हेही अर्धंच खरं. १९९६ च्या लोटस एलिस या दोन सीटच्या गाडीचं वजन सुमारे ७२५ किलो होतं, ते मुख्यतः ६८ किलोच्या ॲल्युमिनियम चॅसीमुळे (खालच्या सांगाड्यामुळे). तिचा हूड मात्र सुटा, हाताने गुंडाळायचा. चोर्ला घाटात अचानक सर आली तर थांबून, उतरून लावावा लागेल. एमएक्स-५ चा हूड सीटवरून एका हाताने ओढता येतो.

खरी अडचण सामानाची. एमएक्स-५ ची डिकी जेमतेम १३० लिटरची. शनिवारच्या बाजाराला पुरते, लग्नाच्या खरेदीला नाही.