‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे सगळं मनाचं’ म्हणे!

काल धाकट्या बहिणीने मला डोक्याला मार लागल्यानंतरच्या लक्षणांबद्दलचा पाच मुद्द्यांचा फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘दादा, मीच बाऊ करतेय का रे? पुढची अपॉइंटमेंट रद्द करू?’ जिन्यावरून डोक्यावर पडली त्याला सात आठवडे झालेत. अजून बोलता बोलता साधे शब्द सापडत नाहीत. म्हणून हे उत्तर.

मेसेजचा पहिला मुद्दा: ‘सीटी, एमआरआय नॉर्मल म्हणजे मेंदू ठणठणीत, पुढची लक्षणं मनाची.’ सगळा घोळ इथेच आहे. सीटी काढतात तो रक्तस्राव किंवा हाडाला तडा आहे का हे बघायला. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला होणाऱ्या सौम्य इजेत, बिघडतं ते पेशींचं काम, आणि ते नेहमीच्या फोटोत येत नाही. खेळातल्या कन्कशनवर २०२२ साली ॲमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या निवेदनातल्या व्याख्येतच लिहिलंय की सीटी-एमआरआयमध्ये दोष दिसत नाही. म्हणजे जो रिपोर्ट त्या दुखण्यात नॉर्मलच यायचा, तोच दाखवून दुखणं नाही म्हणायचं!

बहिणीला कूस बदलली की खोली गरगरायची. दोन डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ‘टेन्शन घेऊ नका’ सांगितलं. तिसऱ्याकडे जाताना तिने कागदावर लिहून नेलं: ‘उजव्या कुशीवर वळले की पंधरा-वीस सेकंद गरगरतं, मग थांबतं.’ त्यांनी मान वळवून तिला झटकन आडवं केलं आणि डोळे बघितले. ही डिक्स-हॉलपाइक तपासणी. आतल्या कानातले बारीक कण मार लागल्यावर जागा सोडतात, ते यात कळतं. एप्लीच्या पद्धतीने डोकं फिरवून ते जागेवर नेले आणि गरगर गेली. यात एमआरआयचा संबंध कुठे आला?

बरं, ‘मनाचं’ म्हणजे तरी काय? बऱ्याचदा ज्याला ‘मनाचं’ म्हणतात त्या फंक्शनल विकारात, म्हणजे रचना शाबूत पण काम बिघडलेलं असतं तेव्हा, हातपाय खरंच साथ देत नाहीत, पण मज्जातंतू तुटलेले नसतात. अशा पायाची ताकद तपासायची हूव्हरची खूण १९०८ पासून माहीत आहे. ते निदान तपासून करायचं असतं, काही सापडलं नाही म्हणून चिकटवायचं नसतं.

दुसरा मुद्दा: ‘शुद्ध हरपली नाही, तर इजा नाही.’ चूक. कन्कशनमध्ये बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही.

तिसरा: ‘महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा.’ ॲमस्टरडॅमचं तेच निवेदन सांगतं, पहिले एक-दोन दिवस बेताने घ्या, मग हलकं चालणं सुरू करा.

चौथा मुद्दा मात्र घातक आहे: ‘एकदा सीटी झाला की परत जायची गरज नाही.’ वयस्कर माणसांत, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विशेषच, कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून काही आठवड्यांनी चाल बिघडते, गोंधळ उडतो. तेव्हा जुना नॉर्मल रिपोर्ट काय कामाचा? वाढती डोकेदुखी, उलट्या, फिट, एका बाजूला अशक्तपणा असेल तर लगेच इमर्जन्सीत न्या.

शेवटचा, ‘काळजीने लक्षणं वाढतात.’ खरं आहे, मान्य. बरेचजण काही आठवड्यांत बरे होतात, हेही खरं. पण काळजीने वाढलं म्हणून काळजीनेच सुरू झालं, हे कुठून आलं?

बहिणीला कळवलंय, अपॉइंटमेंट रद्द करायची नाही. कुठला शब्द, किती वाजता, किती थकल्यावर अडला, ते वहीत लिही. आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणाले, तर विचार: ‘काय नाही ते कळलं. हे कशाने होतंय, ते कसं तपासणार?’