सहा मिलिमीटरचं स्वराज्य

संभाजी महाराजांनी 1683 मध्ये गोव्यावर स्वारी केली तेव्हा त्यांच्यामागे कटकटींना तोटा नव्हता. पाठीवर औरंगजेब, किनाऱ्यावर सिद्दी, पुढ्यात पोर्तुगीज. पण एका कटकटीतून ते सुटले: सैन्यातल्या प्रत्येकाचं पागोटं स्वतः बसून रंगवणं. ते काम तीनशेहून जास्त वर्षांनी फोंड्याला आमच्या घरी येऊन पडलं.

मला टेबलावरच्या लढायांचा नाद आहे. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पसरायचं, टेकड्या-नद्या मांडायच्या, धातूचे बारके सैनिक उभे करायचे आणि फूटपट्टीनं मोजून पुढे सरकवायचे. बंदुकीचा नेम लागला की चुकला ते फासा सांगतो. लढाई एका दुपारी आटोपते. तयारी आटोपत नाही. ज्यांना फक्त लढाई बघायची आहे त्यांनी सरळ शेवटाकडे जावं. मलाही जाता आलं असतं तर गेलो असतो.

माझे सैनिक सहा मिलिमीटरचे. हे माप तळपायापासून डोळ्यांपर्यंत घेतात, पागोटं वर वेगळं. चार-चार जण एका पट्टीवर खांद्याला खांदा लावून ओतलेले येतात. ह्या छंदातले 28 मिलिमीटरवाले लोक एकेका शिलेदाराच्या मिशीला पीळ भरत बसतात. आमच्यात मिशी नाही, डोळे नाहीत, तोंड म्हणजे गव्हाळ रंगाचा एक ठिपका. ऐकणारा म्हणतो, मग सोपं आहे की! एक सैनिक सोपाच असतो. पण सहा मिलिमीटरात एक सैनिक ही चीजच नसते. ह्या मापाची सगळी मजा गर्दीत. फौज खरोखर फौज दिसते, आणि ती तशी दिसावी म्हणून माणसं शेकड्यांनी लागतात.

त्यात मराठे. अठराव्या शतकातले इंग्रज घेतले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं. सगळ्यांना तांबडा कोट, सगळ्यांना पांढरे पट्टे. आइस्क्रीमच्या काडीवर पट्ट्या चिकटवायच्या आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्रश ओढत न्यायचा. मराठ्यांना गणवेश नाही. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा, त्यामुळे शिलेदारांचे घोडे एका रंगात उरकता येत नाहीत. कुणाचा कुमैत, कुणाचा अबलख. हौसेनं एक पंचकल्याणी काढला, चारही पाय आणि कपाळ पांढरं. तो चुन्याच्या घाण्यातून चालत आल्यासारखा दिसतो.

आणि पांढरे अंगरखे! रंगवणाऱ्याचा खरा शत्रू पांढरा रंग. पातळ लावला तर खालचा काळा प्राइमर, म्हणजे रंगाआधी मारलेला थर, डोकावतो, जाड लावला तर कापडाच्या चुण्या बुजतात. म्हणून पांढरा वापरायचाच नाही. आधी मातकट पिवळा, त्यावर सायीचा रंग, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर नि गुडघ्यावर, जिथे ऊन पडेल तिथे. हात आणि धड ह्यांच्यामध्ये प्राइमरची काळी रेघ तशीच सोडायची. ती केसाएवढी रेघ राहिली तर माणूस, नाही राहिली तर तांदळाचा दाणा. एका पट्टीवर चार माणसं, म्हणजे अशा आठ रेघा. माझं हे चाललेलं असताना आई मागून गेली, भिंगातून क्षणभर वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मुयांक रंग लायता रे तूं?" मग आत जाऊन बायकोला म्हणाली की त्याला काही बोलू नको.

प्रशियात 1824 च्या सुमाराला लेफ्टनंट फोन राइस्विट्झनं सैन्याच्या अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ आणला, तेव्हा त्यानं दोन बाजूंना निळे नि तांबडे ठोकळे वापरले. ठोकळे! त्याच्या शहाणपणाला मी रोज रात्री दहा ते बारा हात जोडतो.

शेवटी जाणत्याला विचारावं म्हणून वाड्यावरच्या चित्रशाळेत गेलो. चवथ तोंडावर आलेली. पाटांवर गणपती रांगेनं बसलेले, काहींना पितांबर चढलेलं, काही अजून मातीचेच. वर मोठाले दिवे लावलेले, कारण पावसात माती हवेवर सुकत नाही. मी खिशातली काडेपेटी उघडून एक पट्टी मास्तरांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी हात दिव्याखाली धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि तळहात नाकाला लागेपर्यंत वर नेला.

"दोळे खंय?"

"डोळे काढत नाहीत, मास्तर. ह्या मापात डोळे काढले की माणूस भूत बघितल्यागत दिसतो."

हे त्यांना पटलं नाही. त्यांचं अर्धं कसब डोळ्यांत. मूर्तीचे डोळे ते सगळ्यात शेवटी आखतात आणि त्या वेळी चित्रशाळेत पोरंसुद्धा चिडीचूप बसतात.

"कितले आसात?"

"चारशें."

"आनी विसर्जन केन्ना?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बायकोला तो इतका आवडला की टेबल अडलं की ती तोच विचारते. मास्तरांनी मात्र मला एक गोष्ट शिकवली जी माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती: ब्रश रंगात बुडवला की तो थेट मूर्तीवर न्यायचा नाही, आधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढायची. रेघ पसरली तर पाणी जास्त, तुटली तर कमी. तेव्हापासून माझं डाव्या अंगठ्याचं नख कायम सायीच्या रंगाचं असतं. बँकेत एका बाईंनी विचारलं, कॅल्शियम कमी आहे का?

आता हवेकडे वळू, कारण गोव्यात सगळं शेवटी हवेकडे वळतं. प्राइमर नि व्हार्निश स्प्रेच्या डब्यातून मारतात, आणि दोन्ही डब्यांवर बजावलेलं असतं की हवा कोरडी हवी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात कोरडी हवा फक्त फ्रिजमध्ये असते. ओलसर हवेत मारलेला प्राइमर खरखरीत बसतो, आणि मॅट व्हार्निश तर पांढुरकं पडतं. पागोटी, घोडे, निशाणं सगळ्यांवर एकच दुधी साय. म्हणजे स्प्रेचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. पण गोव्यात ज्याचं घर आहे त्याला आपले नातेवाईक किती आहेत ते डिसेंबरातच कळतं. गच्चीवर पुठ्ठा मांडून मी डबा हलवायला लागलो की खालून पुण्याच्या आत्या विचारतात, "अरे, आज आपण कुठल्या बीचवर जायचंय?" आत्या जातात तोवर माघ उजाडतो, आणि माघ म्हणजे जत्रा. शांतादुर्गेची झाली की मंगेशीची. एक अख्खं वर्ष माझे हशम, म्हणजे पायदळ, उघड्या धातूनिशी कपाटात थांबले.

रंग ओला राहावा म्हणून डब्यात ओला स्पंज नि त्यावर बटर पेपर ठेवतात. कोरड्या देशांतून आलेली ही युक्ती. इथं रंग सोडाच, भिंतही सुकत नाही. त्या डब्यात चौथ्या दिवशी बुरशी आली, रंगानं छान हिरवी. त्यावर तांब्याचं नाणं टाकावं म्हणतात. टाकलं. बुरशी हटली, पण आता देवघरातला तांब्याचा पैसा कुठे गेला ह्याची चौकशी घरात चालू आहे.

तरी रंगवणं परवडलं. खरा जीव जातो बेसिंगमध्ये. सैनिक रंगले की त्यांना पाटीवर बसवायचं. माझी पाटी 60 बाय 30 मिलिमीटरची, पायदळ असेल तर तिच्यावर 24 जण. मग त्यांच्या पायांखाली जमीन करायची: फेविकॉल, त्यावर वाळू, वाळूवर गडद रंग, सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिका रंग घासायचा म्हणजे वरचे कण उजळतात, आणि शेवटी गवत. सहा मिलिमीटरचं प्रमाण साधारण तीनशेस एक. टेबलावरचा एक मिलिमीटर म्हणजे तीस सेंटिमीटर. हे गणित मांडलं की वाळूकडे बघायची नजरच बदलते. मिरामारची मऊ वाळू, जिच्यावर लोक चप्पल हातात घेऊन चालतात, तिचा अर्ध्या मिलिमीटरचा कण माझ्या मावळ्याच्या पायाशी पंधरा सेंटिमीटरचा धोंडा होतो. असल्या जमिनीवरून कुणी हल्ला करत नाही, नुसता मुरगळतो.

शिवाय समुद्राची वाळू खारी. आमच्या मेहुण्यानं मोठ्या प्रेमानं पिशवीभर आणून दिली होती, आणि ती न धुता लावलेली एक पाटी नमुना म्हणून मी जपून ठेवली आहे. मीठ हवेतली ओल ओढतं. जुलै लागला की त्या पाटीला घाम फुटतो. खालचं लोखंडी चुंबकपत्र्याचं तळ गंजून तांबडं झालं, ते मात्र बघण्यासारखं दिसतं.

वाळूला पर्याय म्हणून रवा सुचवणारे लोक आहेत. ते गोव्यात राहत नाहीत. रव्याच्या जमिनीत पावसाळ्यात जी हालचाल सुरू होते तिला कुठल्याच नियमपुस्तकात जागा नाही. वाळवलेली चहापूड छान पालापाचोळा दिसते, पण तिला वास येतो. अखेर उत्तर परसातच मिळालं: चिऱ्याची भुकटी. नवीन गडग्यासाठी चिरे तासत होते, तिथली तांबडी भुकटी घेतली आणि मैद्याच्या चाळणीतून चाळली. रंग द्यायची गरजच नाही, गोव्याची जमीन आयती गोव्याच्या रंगाची. आईला चाळणीचं कळलं तेव्हा जे झालं त्यापुढे पोर्तुगिजांनी फोंड्याला घातलेला वेढा काहीच नव्हता.

गवताचं एक बरं आहे. बाजारात मिळणारं तयार गवत पाच मिलिमीटरचं, म्हणजे आमच्या मापात दीड मीटर. इंग्लंडातला माणूस म्हणेल, हे जंगल झालं. ऑगस्टात आमच्या कंपाउंडच्या कडेला येऊन बघ म्हणावं.

हे सगळं ज्या लढाईसाठी, ती जुवे बेटाची, म्हणजे सांत इस्तेवची. आज ते बेट भाजीसाठी, विशेषतः भेंडीसाठी ओळखलं जातं. 1683 च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी ओहोटी साधून रात्री ते घेतलं. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन परत घ्यायला आला आणि मार खाऊन, जखमी होऊन पळाला. माझ्याविरुद्ध पोर्तुगीज खेळवतो तो रायबंदरचा माझा मित्र. त्यानं पोर्तुगीज का घेतले? मी इतकी वर्षं समजत होतो की घराण्याचा इतिहास वगैरे असेल. परवा बोलून गेला, "अरे, ते कमी आसले न्हय? रंगोवपाक बरें."

खाजनांचे, म्हणजे खाऱ्या शेतजमिनींचे, बांध मी पुठ्ठ्याचे केले, मानशी, म्हणजे त्यांतली पाण्याची दारं, काड्यांच्या, माड काथ्याचे, सात-सात सेंटिमीटर उंच. मित्रानं ते न बघता नियमांचा विषय काढला. त्या संकटात व्हाइसरॉय बोम जेझू चर्चमध्ये गेला होता, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड त्यानं संताच्या हाती दिला होता. म्हणून मित्राची मागणी, की पोर्तुगिजांच्या फाशाला गोंयच्या सायबाचा एक अधिक मिळावा. मी म्हटलं, कबूल, पण महाराजांचा घोडा पाण्याला लागला तेव्हा खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, तेव्हा मला एक फासा पुन्हा टाकायची मुभा. दोन कप चहा आणि पोदेराचे (पाववाल्याचे) चार पाव संपेपर्यंत घासाघीस चालली.

लढाई सांगण्यासारखी झाली नाही. माझे फासे चांगले पडले, एवढंच. बेट घेतलं, व्हाइसरॉय होडीत चढायच्या आत त्याची पलटण मोडली, आणि संध्याकाळपर्यंत मराठे जुन्या गोव्याच्या अंगाला आले. तेव्हा मित्रानं हात वर केला.

"आतां मोगल हाड." मुघल आण म्हणे.

बरोबर होतं त्याचं. इतिहासात पुढे असंच होतं: 1684 च्या सुरुवातीला शहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाटानं खाली उतरला आणि महाराजांना मोहीम आवरती घ्यावी लागली. आमच्या नियमांतही बाराव्या चालीला टेबलाच्या त्या कडेनं मुघल येतात.

"यायचे होते," मी म्हटलं, "पण ते अजून प्राइमरसाठी थांबलेत. हत्ती तर पाकिटातच आहेत."

रंग न दिलेलं सैन्य टेबलावर उतरवायचं नाही, हा आमच्यातला सगळ्यात जुना नियम. आणि तो त्यानंच केलेला, मी एकदा बोडके तोफखाने आणले होते तेव्हा.

"मग रंगय मरे!"

मी नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. धो धो कोसळत होता. शाह आलमला रामघाटाच्या माथ्यावर आता डिसेंबरापर्यंत थांबणं भाग आहे, आणि डिसेंबरात आत्या यायच्या आहेत. मित्राला संशय आहे की मी मुद्दाम वेळ काढतो आहे. हल्ली तो फोन करून माझी नाही, हत्तींची चौकशी करतो. मी त्याला सांगितलं आहे की झुलींवर जरीकाम करायचं आहे, शहजाद्याची फौज आहे, उरकून चालणार नाही.