कृषी करारात ‘लाल पेटी’ नाहीच

आंब्याला मोहोर फुटण्याच्या सुमारास रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरू लागला आणि आता तो मच्छीमार सोसायट्यांपर्यंत पोहोचला आहे. त्याचा मथितार्थ असा: जागतिक व्यापार संघटनेने आंबा-काजूची अनुदाने ‘लाल पेटी’त टाकली आहेत, शेतकऱ्याला दहा टक्क्यांहून अधिक अनुदान देण्यास बंदी आहे, म्हणून शंभर टक्के अनुदानाची फळबाग लागवड आणि फळपीक विमा बंद होणार, मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा मिळाल्याने डिझेल परतावाही याच नियमात सापडणार, आणि ‘हिरवी पेटी’ ही श्रीमंत देशांनी स्वतःपुरती ठेवलेली पळवाट आहे. यातील एकेक मुद्दा तपासून पाहू.

प्रथम पेटीविषयी. आपल्याकडे पेटी म्हटली की वाशीला जाणारी हापूसची पेटी आठवते. इथल्या पेट्या म्हणजे शेतीला मिळणाऱ्या सरकारी मदतीचे वर्ग, आणि त्यांची रंगांची नावे केवळ बोलण्याच्या सोयीसाठी आहेत. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या, जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारात ती नाहीत. व्यापारावर किंवा उत्पादनावर फारसा परिणाम न करणारा खर्च दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्याला हिरवी पेटी म्हणतात. उत्पादन मर्यादित ठेवण्याच्या अटीवर दिलेली रक्कम म्हणजे निळी पेटी. भाव किंवा उत्पादनाशी थेट जोडलेली उरलेली मदत म्हणजे अंबर (पिवळसर-केशरी) पेटी, आणि तिच्यावर बंदी नाही, मर्यादा आहे. देशांतर्गत मदतीसाठी लाल पेटी असा वर्गच कृषी करारात नाही. निर्यात अनुदाने मात्र संघटनेच्या २०१५ च्या नैरोबी परिषदेत संपुष्टात आणण्याचे ठरले. तेवढ्यापुरती ‘बंदी’ खरी आहे.

दुसरा दावा दहा टक्क्यांचा, आणि गैरसमजाचे मूळ इथेच आहे. ही मर्यादा एकेका शेतकऱ्याची नसून देशाची आहे. विशिष्ट पिकाला दिलेली अंबर मदत त्या पिकाच्या संपूर्ण देशातील उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत असेल तर भारतासारख्या विकसनशील देशाच्या हिशेबात ती मोजलीच जात नाही. विकसित देशांसाठी ही मर्यादा ५ टक्के आणि चीनसाठी ८.५ टक्के आहे. कोणत्याही एका पिकाशी न जोडलेल्या मदतीसाठी एकूण कृषी उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची वेगळी मर्यादा आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. २०२४ च्या हंगामातील काजू बीसाठी राज्य शासनाने किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केले. जितकी बी विकली तितके पैसे मिळत असल्याने ही मदत निःसंशय अंबर आहे. समजा, बीचा भाव किलोला १०० रुपये धरला, तर देशातील प्रत्येक किलो बीवर १० रुपये दिले तेव्हा कुठे मर्यादा गाठली जाईल. इथे एकाच राज्याने, तेही प्रति शेतकरी कमाल २,००० किलोंपर्यंत, रक्कम दिली. म्हणजे जे अनुदान खरोखर अंबर आहे, तेही मर्यादेच्या आसपास फिरकत नाही. हापूसला तर हमीभावच नसल्याने त्या वाटेने हिशेबात येण्यासारखे काही नाही.

फळबाग लागवडीचे शंभर टक्के अनुदान दहा टक्क्यांच्या फूटपट्टीने मोजणे मुळातच चुकीचे आहे. रोजगार हमीशी जोडलेल्या १९९० च्या योजनेने कोकणातल्या वरकस जमिनीवर काजू-आंब्याच्या बागा उभ्या केल्या, आणि २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेतही खड्डे, कलमे, लागवड यांसाठी पैसे मिळतात. ही गुंतवणुकीला मदत आहे. विकसनशील देशांनी शेतीतील गुंतवणुकीसाठी सर्वसाधारणपणे उपलब्ध करून दिलेली अनुदाने, तसेच कमी उत्पन्नाच्या किंवा साधने अपुरी असलेल्या शेतकऱ्यांना निविष्ठांसाठी दिलेली अनुदाने, कृषी कराराच्या सहाव्या कलमातील दुसऱ्या परिच्छेदाने मर्यादेबाहेर ठेवली आहेत. आपल्या देशातील ९९.४३ टक्के खातेदार अशा शेतकऱ्यांत मोडतात, असे भारताने संघटनेला कळवले आहे. ही सवलत विकसित देशांना नाही, याचा उल्लेख संदेशात कुठेही नाही.

विम्याचा मुद्दा मात्र एका वाक्यात उडवून लावता येणार नाही. नैसर्गिक आपत्तीतील मदत हिरव्या पेटीत बसण्यासाठी दोन अटी महत्त्वाच्या आहेत: सरकारने आपत्ती अधिकृतपणे मान्य करावी आणि उत्पादनातील घट सरासरीच्या ३० टक्क्यांहून अधिक असावी. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ धडकल्यानंतर बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, मदत देण्याचे ठरले. आपल्याकडे आपत्तीच्या मदतीचा निकषच ३३ टक्के नुकसानीचा असल्यामुळे अशी मदत त्या अटीत सहज बसते. हवामान आधारित फळपीक विम्याचे तसे नाही. त्यात झाडावर किती आंबा राहिला हे कोणी पाहत नाही. महसूल मंडळातील हवामान केंद्राने नोंदवलेला अवेळी पाऊस किंवा तापमान ठरलेल्या पातळीबाहेर गेले की भरपाई लागू होते. उत्पादनातील ३० टक्के घट न मोजणारी योजना हिरवी कशी, असा आक्षेप एखादा देश घेऊ शकतो, आणि तो अगदीच पोकळ ठरणार नाही. पण समजा, तो मान्य झाला, तरी हप्त्यातील सरकारी वाटा अंबर पेटीत जाऊन दहा टक्क्यांच्या हिशेबात धरला जाईल, एवढेच. विमा बंद करण्याचा आदेश त्यातून निघत नाही. हवामान केंद्राच्या नोंदी आणि बागेतला प्रत्यक्ष पाऊस यांचा मेळ न बसणे हे आपले जुने दुखणे आहे. त्याचे खापर जिनिव्हावर, म्हणजे व्यापार संघटनेच्या मुख्यालयावर, फोडता येणार नाही.

मच्छीमारांबाबतचा दावा सर्वांत चतुर आणि सर्वांत चुकीचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, हे खरे. पण कृषी करारात कोणता माल येतो हे आपले मंत्रिमंडळ ठरवत नाही. कराराच्या पहिल्या परिशिष्टाने सीमाशुल्क वर्गीकरणातील पहिली चोवीस प्रकरणे घेतली आणि त्यातून मासे व मत्स्य उत्पादने स्पष्टपणे वगळली. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली सुरमई या करारापुरती शेतमाल नाही. मासेमारीच्या अनुदानांसाठी जून २०२२ मध्ये स्वतंत्र करार झाला आणि तो १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. त्याचा रोख बेकायदा मासेमारी, अतिमासेमारीने खालावलेले साठे आणि कोणाचेच नियमन नसलेला खोल समुद्र यांवर आहे. डिझेल परताव्यावर सरसकट बंदी त्यात नाही.

हिरव्या पेटीविषयीची चीड अर्धी रास्त आहे. उत्पादनाशी संबंध न ठेवता थेट खात्यात दिलेली रक्कम हिरवी ठरत असल्याने युरोपने आपला मोठा खर्च त्या बाजूला वळवला. पण दापोलीच्या कृषी विद्यापीठातील संशोधन, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या काजूच्या जाती, कीड नियंत्रण आणि विस्तार सेवा हा खर्चही याच पेटीतला आहे. पेटी सर्वांना खुली आहे. तिजोरी कोणाची मोठी, हा फरक.

खरा अन्याय संदेशाच्या कर्त्याला दिसलाच नाही, आणि तो आपल्या आंब्यावर नसून खलाटीतल्या भातावर आहे. हमीभावातून मिळणारी मदत मोजताना हमीभावातून आजची आंतरराष्ट्रीय किंमत वजा केली जात नाही. १९८६ ते १९८८ या काळाची गोठवलेली किंमत वजा होते. भारताच्या तांदळासाठी ती टनाला २६२.५१ डॉलर आहे. २०१८-१९ मध्ये भाताचा हमीभाव क्विंटलला १,७५० रुपये होता. तांदळाच्या हिशेबात तो टनाला सुमारे ३७५ डॉलर होतो. दोहोंतील फरकाला सरकारी खरेदीने गुणले की मदत सुमारे ५ अब्ज डॉलर भरते, म्हणजे तांदळाच्या उत्पादनमूल्याच्या ११.४६ टक्के. भारताने मर्यादा ओलांडल्याचे स्वतः कळवले आणि २०१३ मध्ये संघटनेच्या बाली परिषदेत मिळवलेल्या शांतता कलमाचा आधार घेतला. त्या कलमामुळे अन्नसाठ्याच्या जुन्या योजनांविरुद्ध कोणी तंटा नेऊ शकत नाही. गोठवलेली किंमत मात्र आजही तीच आहे.