मुखर्जी थांबले की त्यांना थांबवलं?

परवा मारुती मंदिरच्या कट्ट्यावर हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचा विषय निघाला आणि बंड्या पेटला. "लष्कराला 1949 मध्ये करिअप्पांसारखा भारतीय प्रमुख मिळाला. हवाई दलात मात्र 1954 पर्यंत एकामागून एक तीन गोरे प्रमुख! माणूस दमाचा असता तर एवढा थांबला असता का?"

मला हे अजिबात पटलं नाही. अरे, हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली 1 एप्रिल 1933 ला, कराचीत, चार वापिटी विमानांवर. इंग्लंडात क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात शिकून आलेले मोजून पाच भारतीय वैमानिक, त्यातले दोघं लवकरच अपघातात गेले. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मुखर्जी छत्तीस वर्षांचे. वरच्या जागांचा अनुभव इंग्रजांनी कुणाला मिळू दिला होता?

"बघ, अनुभव नव्हता हे तूच म्हणतोयस!"

तेव्हा अण्णा मध्ये पडले. 1940 सालची गोष्ट, वझिरिस्तानातली. टोळीवाल्यांनी लष्कराची एक चौकी वेढलेली, जवानांच्या गोळ्या संपलेल्या. त्यांनी जमिनीवर कापडी पट्ट्या मांडून वरच्या विमानाला तसं कळवलं. मुखर्जींनी काय करावं? मागच्या लुईस मशीनगनच्या गोळ्या काढायला लावल्या, मोज्यांत भरल्या आणि विमान पार खाली आणून चौकीवर टाकल्या. आपली मागची बाजू उघडी पडेल याचा विचारही केला नाही.

"हे धाडस झालं अण्णा. मी दल चालवण्याबद्दल बोलतोय."

मग ऐक म्हटलं. 1939 मध्ये स्क्वाड्रनची सूत्रं हाती घेणारे पहिले भारतीय तेच. प्रमुख झाल्यावर साडेसहा वर्षांत हंटर, कॅनबेरा, मिस्टेअर अशी जेट विमानं दलात आली. नवं विमान नुसतं विकत घेऊन भागत नाही. वैमानिक तयार करायचे, फिटर शिकवायचे, सुट्या भागांची सोय लावायची. हे ज्याने निभावलं त्याला दमाचा नाही म्हणायचं? आणि नौदलाला भारतीय प्रमुख मिळायला तर 1958 उजाडलं. मला विचारशील तर 1949 ते 1954 ही पाच वर्षं नवं दल घडवण्यातच गेली.

"म्हणजे करिअप्पांना जमलं ते यांना नाही," बंड्याचा हेका काही सुटेना.

अण्णा मात्र शारदाबाईंकडे वळले. माहेरच्या पंडित, मुखर्जींच्या पत्नी. 1960 च्या नोव्हेंबरात मुखर्जी टोकियोत जेवताना घास अडकून गेले, वय अवघं एकोणपन्नास. पुढे 1962 आणि 1967 मध्ये शारदाबाई आपल्याच रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या. बंड्याला हे ठाऊकच नव्हतं. मग करिअप्पा बाजूला राहिले आणि तो अण्णांना त्या निवडणुकांबद्दलच विचारत बसला.