पोरांना शाळेबाहेर ठेवण्याची रीतसर पद्धत

डॅलसजवळच्या फ्रिस्कोत किंवा प्लेनोत घर घेतलंत, मागच्या अंगणात तुळस लावलीत, प्रॉपर्टी टॅक्सचं पहिलं बिल वाचून मटकन खाली बसलात, आणि आता तुमच्या मनात तो प्रश्न आला आहे: अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांच्या पोरांची शाळा माझ्या पैशांतून का चालावी? अभिनंदन. तुम्ही टेक्सासात रुळलात. पण प्रश्न पडणं सोपं, तो चारचौघांत मांडणं अवघड. गणपतीच्या आरतीनंतर, ज्याने त्याने पदार्थ आणायच्या पॉटलकला, क्रिकेटच्या मैदानावर कोणीतरी उलट विचारणारा भेटतोच. तेव्हा थोडी तयारी करून घेऊ.

इतिहासाच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथे टायलर नावाचं गाव आडवं येतं. डॅलसच्या पूर्वेला, गुलाबांसाठी प्रसिद्ध. १९७५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा बदलला: जी मुलं देशात रीतसर आलेली नाहीत त्यांच्यासाठी राज्य पैसा देणार नाही, आणि डिस्ट्रिक्टला, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, हवं तर त्यांना प्रवेशही नाकारता येईल. टायलरच्या डिस्ट्रिक्टने १९७७ मध्ये त्यातून सभ्य मार्ग काढला. नाही म्हणायचंच नाही, फक्त वर्षाला १,००० डॉलर फी मागायची. दार उघडं, मन मोठं, आणि पोरं घरी. ही युक्ती जपून ठेवा, ती अजून जुनी झालेली नाही.

चार कुटुंबं कोर्टात गेली. न्यायाधीशांचं आडनाव होतं जस्टिस. कथेत असं नाव घातलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. त्यांनी सुनावणी सकाळी ६ वाजता ठेवली, या लोकांवर कोणाची नजर पडू नये म्हणून. आईबाप आले ते सामान गाडीत भरून, कारण कोर्टातून घरी जायला मिळेल की थेट सीमेपलीकडे, याचा भरवसा नव्हता. हा तपशील पॉटलकला चुकूनही सांगू नका. पोराच्या प्रवेशासाठी संसार गाडीत घालून पहाटे कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला फुकट्या ठरवणं फार जड जातं.

प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १५ जून १९८२ रोजी टेक्सास ५ विरुद्ध ४ मतांनी हरलं. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. आईबापाच्या वागण्याची शिक्षा पोराला देणं न्यायाच्या मूळ कल्पनेत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि देशातच राहणार असलेल्या मुलांना निरक्षर ठेवून राज्याला नेमकं काय साधायचं आहे, हे त्यांना उमगेना. तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, विरोधातल्या चौघांचं वाचू. तेही वाचू नका. सरन्यायाधीश बर्गर यांनी तुमच्या बाजूने लिहिलं खरं, पण आधी कबूल करून टाकलं की धोरण ठरवणं आपल्या हाती असतं तर कोणत्याही मुलाला प्राथमिक शिक्षण नाकारणं आपण निरर्थकच ठरवलं असतं. त्यांचा आक्षेप एवढाच की हे काम कोर्टाचं नाही. आपल्या बाजूचा वकील असा असेल तर समोरच्याची गरज काय? शिवाय ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो ते टायलरचे सुपरिंटेंडेंट जेम्स प्लायलर. त्यांनीसुद्धा पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं की हरलो ते बरं झालं, त्या पोरांना शिकता आलं. माणसाने शेवटपर्यंत ठाम राहू नये म्हणजे काय!

तेव्हा इतिहास सोडा आणि थेट तत्त्वावर या. ‘बेकायदा म्हणजे बेकायदा.’ हे वाक्य आवाज किंचित खाली आणून म्हणायचं आणि लगेच पाणीपुरीच्या टेबलाकडे वळायचं. थांबलात तर कोणीतरी विचारील की मागच्या एप्रिलमध्ये गारा पडल्या, इन्शुरन्सने पैसे दिले आणि तुमचं अख्खं छप्पर एका दिवसात नवं झालं, तेव्हा वर चढलेल्या सहा जणांचे कागद पाहिले होते का? तुम्ही कशाला पाहाल? तुमचा करार कंपनीशी. कंपनीचा ठेकेदाराशी. ठेकेदाराचा त्यांच्याशी, तोही तोंडी. तुम्ही तर त्यांना गार पाण्याच्या बाटल्या दिल्यात, वर बायकोने केळी. उतारावर खिळे ठोकणारा माणूस कामगार असतो. संध्याकाळी तोच पोराचा हात धरून शाळेच्या ऑफिसात आला की समस्या होतो. हा फरक नीट पाठ करा.

आणि हा फरक तुम्ही शोधलेला नाही, त्याला परंपरा आहे. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात बेकायदा आलेल्याला आसरा देणं गुन्हा ठरवताना एक पोटकलम घातलं गेलं: त्याला नोकरीवर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे. शेतमालकांच्या आग्रहापायी आलेल्या त्या सवलतीला लोक ‘टेक्सास प्रोव्हिजो’ म्हणत. नोकरी देणाऱ्यावर केंद्राचा कायदा आला तो थेट १९८६ मध्ये. म्हणजे १९७७ च्या टायलरमध्ये बापाला कामावर घेणं केंद्राच्या कायद्याने निर्धोक होतं, आणि पोराला बाराखडी शिकवण्यावर राज्याचा आक्षेप होता. जगात इतका स्वच्छ हिशेब क्वचित पाहायला मिळतो. हात आत, पाटी बाहेर.

मग येतो टॅक्स. ‘ते लोक टॅक्स भरत नाहीत’ हे वाक्य प्रभावी आहे, पण टेक्सासात जरा जपून वापरा. इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाहीच. शाळा मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्सवर आणि राज्याच्या तिजोरीवर चालतात, आणि त्या तिजोरीत मोठा वाटा सेल्स टॅक्सचा. वॉलमार्टच्या काउंटरवर सेल्स टॅक्स घेताना व्हिसा विचारत नाहीत. भाड्याच्या घरातला माणूस मालकाचा प्रॉपर्टी टॅक्स भाड्यातून भरतो. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेने २०२२ सालासाठी कागदपत्रं नसलेल्यांनी देशभर भरलेल्या करांचा अंदाज ९६.७ अब्ज डॉलर काढला आहे. कोणी हा आकडा फेकला तर ‘ती संस्था कोणत्या बाजूची आहे ते माहीत आहे’ म्हणा. ती संस्था डावीकडे झुकलेली आहेच, त्यामुळे तुम्ही खोटंही बोलणार नाही.

एक मुद्दा मात्र अगदी खरा आहे. सीमा सांभाळायची वॉशिंग्टनने, पोरं शिकवायची डिस्ट्रिक्टने. या लोकांच्या पगारातून कापलेला सोशल सिक्युरिटीचा पैसा केंद्राकडे जातो, ज्याचा लाभ त्यांना बहुधा कधीच मिळत नाही. आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलासाठी दुभाषी शिक्षक शोधायचा तो गावातल्या शाळेने. तक्रार रास्त आहे. म्हणूनच ती मांडू नका. मांडलीत तर लोक म्हणतील, मग बिल वॉशिंग्टनला पाठवा, सहा वर्षांच्या मुलीला कशाला पाठवता?

आता कृतीकडे वळू. थेट बंदी मागू नका, फार उघडं दिसतं. अलाबामाने २०११ मध्ये केलं ते जास्त सुसंस्कृत होतं: कोणाला काढायचं नाही, नवीन नाव घालताना फक्त मुलाची इमिग्रेशनची स्थिती विचारायची. फक्त नोंद, हो. कायदा लागू झाला आणि पुढच्याच सोमवारी राज्यात दोन हजारांहून अधिक हिस्पॅनिक मुलं गैरहजर. त्यांतली पुष्कळ मुलं अमेरिकेत जन्मलेली नागरिक होती, पण घरात कोणाला ना कोणाला भीती होतीच. वरच्या कोर्टाने २०१२ मध्ये ते कलम रद्द केलं. टेनेसीने २०२५ मध्ये पुन्हा टायलरची फी बाहेर काढली. सिनेटने विधेयक मंजूरही केलं. पण त्यापायी केंद्राकडून शाळांना येणारे अब्जाहून अधिक डॉलर धोक्यात येऊ शकतात असा हिशेब राज्याच्याच अधिकाऱ्यांनी मांडला, आणि दुसऱ्या सभागृहात ते थबकलं. तत्त्वासाठी माणूस काहीही सोडायला तयार असतो, फक्त अनुदान सोडून. टेक्सासचे गव्हर्नर अ‍ॅबट यांनी तर २०२२ मध्येच सांगून ठेवलंय की १९८२ चा निकाल पुन्हा कोर्टासमोर न्यायला हवा. तेव्हा धीर धरा.

आणि समजा, उद्या निकाल फिरला. टेक्सासात शाळेत नाव घालताना कागद तपासायचे ठरले. तपासणार कोण? ऑफिसात बसणाऱ्या त्या हसतमुख बाई, ज्यांना आजवर लसीकरणाचं कार्ड आणि विजेचं बिल एवढंच पाहायची सवय. आणि कागद सगळ्यांचे पाहायचे, नाही का? निळ्या डोळ्यांच्या मुलाचे जरा कमी, तुमच्या आर्यनचे जरा जास्त, पण पाहायचे सगळ्यांचे.

तर न्या आर्यनचा पासपोर्ट. त्यातला व्हिसा संपून दोन वर्षं झालीत, कारण स्टॅम्पिंगची तारीख मिळेना म्हणून तुम्ही भारतात गेलाच नाहीत. बाईंना सांगा की व्हिसा संपला म्हणजे स्टेटस संपलं असं नसतं, खरा कागद म्हणजे आय-७९७, मुक्काम मंजूर झाल्याची नोटीस. त्या विचारतील, तो कुठाय? तो एच-फोरच्या, म्हणजे एच-वनवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसाच्या, एक्स्टेन्शनचा, अजून पेंडिंग आहे, ही बघा पावती. बरं, मग आय-९४, कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल त्याची नोंद? इथे जरा सावध. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. विमानतळावरचा अधिकारी आय-९४ वर कित्येकदा पासपोर्ट संपायचीच तारीख घालतो. तुम्ही पासपोर्ट नवा केलात, पेढे वाटलेत, आणि आय-९४ वरची जुनी तारीख तशीच राहिली. एच-वनवाल्यांच्या ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी ‘अर्जंट, प्लीज हेल्प’ लिहून हेच विचारत असतं. म्हणजे तुमच्या घरात, ग्रॅनाइटच्या किचन टॉपशी बसून स्पेलिंग बीची तयारी करणारा मुलगा काही महिने देशात बेकायदा राहिलेला असू शकतो. त्याचा यात काय दोष, असं तुम्ही म्हणाल. ब्रेनन हेच म्हणाले होते; पण ते वाचायचं नाही असं आपलं ठरलं आहे.

याला उतारा म्हणून ‘रांग’ हा शब्द वापरा. ‘आम्ही रांगेत उभे राहिलो.’ खरंच राहिलात. ग्रीन कार्डची रांग कुठवर सरकली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन आलं की आधी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, पाहायची आणि मग चहा घ्यायचा, हा तुमचा नेम आहे. त्या रांगेतच मुलगी २१ वर्षांची झाली तर ती तुमच्या अर्जातून गळू शकते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. एवढं सोसल्यावर दुसऱ्याला फुकट का मिळावं, हा राग मला कळतो. फक्त छपरावरच्या माणसाला कोणत्या रांगेत उभं राहायचं होतं ते विचारू नका. कमी कौशल्याच्या कामगारांसाठी ग्रीन कार्डची जी रांग आहे तिच्यात सगळ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० जागा, तशीच वेळ आली तर त्याहून कमी. इतक्यांनी एक मोठं स्टेडियमही भरत नाही.

‘आपले लोक तसले नसतात’ हे वाक्य अलीकडे जरा बाद झालंय. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे. तिघं महाराष्ट्राचे. तेव्हा ‘आपले’ म्हणजे कोण, हे दर वेळी नव्याने ठरवत जा. गरज पडली तर जिल्ह्यापर्यंत खाली उतरा, मग आडनावापर्यंत.

शेवटी थोडं पैशांचं, कारण घर तुम्ही शाळा पाहूनच घेतलंत. टेक्सासात राज्याचा पैसा डिस्ट्रिक्टला मिळतो तो पटावरच्या नावांवर नव्हे, रोजच्या सरासरी हजेरीवर. भीतीने एक मूल घरी बसलं की त्या दिवसाची हजेरी बुडाली, त्यामागचा पैसाही. शिक्षकाचा पगार मात्र तेवढाच आणि एसीचं बिलही तेवढंच. पट घसरला की काय होतं ते प्लेनोला विचारा. महाग घरं आणि कमी जन्म, एवढ्याच कारणांनी तिथल्या बोर्डाने २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं. तुमची मोहीम फत्ते झाली तर आणखी एक कारण तयार असेल. मग एक दिवस ईमेल येईल की तुमच्या कोपऱ्यावरची एलिमेंटरी, जिच्या रेटिंगसाठी तुम्ही घराच्या किमतीवर वीस हजार चढवून दिले होते, ती बंद होणार. तुम्ही बोर्डाच्या बैठकीला जाल. बोलायला माणशी तीनच मिनिटं मिळतात, म्हणून मुद्दे आधीच लिहून ठेवा. ‘मुलांना आपली शाळा सोडावी लागणं किती क्रूर आहे’ इथून सुरुवात केलीत तर परिणाम चांगला होतो. आणि रांगेत नाव नोंदवताना ओळखपत्र मागितलं, तर रागावू नका.