पक्षाचं नाव राहू द्या, आधी मुद्दे ऐका

पोस्ट लांब आहे. लिलावाच्या लायनीत बसला असाल तर आरामात वाचा, घाईत असाल तर राहू द्या.

गोष्ट विधानसभेची, नोव्हेंबर २०२४ ची. आमच्या निफाड तालुक्यात एका रिटायर गुरुजींनी माझ्या हातात एक पत्रक दिलं. चार पानी, पिवळट कागद, फोटो एकही नाही, नेत्याचा नाही आणि उमेदवाराचापण नाही. वर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आणि त्यात रबरी शिक्क्याने मारलेलं शिलाई मशीन, अर्धं जांभळं उठलेलं अर्धं पुसट. मी म्हटलं गुरुजी हे काय, तर म्हणाले अरे आपलं ठरलेलं चिन्ह नसतं ना, माघारीचा दिवस गेला की मग मिळतं, पत्रक आधीच छापून ठेवलं तर चौकोन रिकामा सोडावा लागतो. माघार होती ४ नोव्हेंबरला, मतदान २० ला. म्हणजे मोठ्या पक्षाचं चिन्ह लहान पोरालापण पाठ असतं आणि यांच्याकडे आपलं चिन्ह लोकांच्या डोक्यात बसवायला जेमतेम दोन आठवडे. खाली नियमाप्रमाणे मुद्रक, प्रकाशक आणि "प्रती २०००". शिक्का गुरुजींनी स्वतः मारला होता, घरी, रात्री, दोन हजार वेळा. अंगठ्याला शाई तशीच होती.

पक्षाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की कमेंटमध्ये मुद्दे राहतील बाजूला आणि पक्षावरच चालू होईल, आणि खरं सांगायचं तर ही पोस्टच आपल्या त्या सवयीवर आहे.

मी पत्रक घरी जाऊन वाचलं. खोटं नाही बोलत, मोठ्या पक्षांचे जाहीरनामे मी कधी पहिल्या पानाच्या पुढे वाचलेले नाहीत, हे पूर्ण वाचलं कारण चारच पानं होती. पहिला मुद्दा असा की कांद्याच्या निर्यातीचा नियम बदलायचा असेल तर ९० दिवस आधी जाहीर करा, एका रात्रीत नाही. दुसरा, शेतीला दिवसा आठ तास वीज. मग सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचं असेल तर एकच अर्ज आणि एकच चक्कर. झेडपीची शाळा पट कमी म्हणून बंद करायची असेल तर आधी ग्रामसभेचा ठराव. आमदार निधी कुठल्या कामावर किती गेला त्याचा बोर्ड दर गावात, एसटी स्टँडवर किंवा पारावर. अजून पाचसहा होते, त्यातले दोन तर मला समजलेपण नाहीत, गुरुजींच्या भाषेत होते.

पहिला मुद्दा वाचून मी थांबलो. कारण ८ डिसेंबर २०२३ आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. ऑगस्टमध्ये आधी ४० टक्के निर्यातशुल्क लावलं होतं, आणि डिसेंबरात सरळ निर्यातबंदी. सकाळी मार्केटला गाडी घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी कुठल्या भावात घरी आला ते त्याचं त्याला माहीत. ती बंदी उठली ४ मे २०२४ ला, आणि आमच्या दिंडोरी लोकसभेचं मतदान होतं २० मे ला. सोळा दिवस आधी. तेपण उठली म्हणजे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून उठली. लोकांनी त्याचा हिशोब मतात केला, आमच्याकडच्या केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. आता तुम्ही सांगा, "९० दिवस आधी सांगा" यापेक्षा साधी मागणी काय असू शकते? भाव द्या म्हणत नाहीये, अनुदान द्या म्हणत नाहीये, फक्त आधी सांगा म्हणतोय, म्हणजे चाळीतला कांदा काढायचा की ठेवायचा ते आमचं आम्ही बघू.

मग मला एक खोड सुचली. पत्रकाची शिक्क्याची बाजू दुमडून खिशात ठेवली आणि जिथे जाईन तिथे नाव न सांगता मुद्दे वाचायला लागलो.

पहिल्यांदा मार्केटला. लाल कांदा नुकताच चालू झाला होता, ट्रॅक्टर आणि पिकअपची लाईन, लिलावाला तासभर तरी वेळ. सातआठ जण होते, कोणी ओळखीचे कोणी नाही. मी ९० दिवसाचा मुद्दा वाचला तर एक नाना ट्रॉलीवरून खालीच उतरले, म्हणाले परत वाच. परत वाचला. "हे बरोबर बोलला, कोण आहे हा?" दिवसा विजेवर तर सगळेच, कारण रात्री पाणी भरायला जायचं म्हणजे बिबट्याची भीती, आमच्याकडे हा काय जोक नाहीये. आमदार निधीच्या बोर्डवर एक जण म्हणाला बोर्ड लावतील, पण बोर्डाचंच बिल पन्नास हजार दाखवतील. हसले सगळे. पण एकानेही मुद्दा चुकीचा आहे असं म्हटलं नाही.

आणि मग मी नाव सांगितलं.

तुम्ही वीज गेल्यावर मोटर बंद पडताना ऐकलीय ना, तसं झालं. आधी कोणी काही बोललंच नाही. मग नाना म्हणाले, "याला उभं कोणी केलंय?"

बघा हा प्रश्न. मुद्दे बरोबर की चूक हा प्रश्न नाही, पैसे कुठून आणणार हाही नाही. उभं कोणी केलं. म्हणजे हा माणूस स्वतःहून उभा राहूच शकत नाही हे आधीच ठरलेलं, कोणीतरी कोणालातरी पाडायला याला दहा हजाराचं डिपॉझिट भरून दिलंय, आता फक्त हा कोणाची मतं खाणार तेवढं शोधायचं. पुढची वीस मिनिटं तीच चर्चा. हा अमक्या समाजाचा, म्हणजे तमक्याची पाचशे मतं जाणार, म्हणजे पलीकडच्याला फायदा. ९० दिवसाचा मुद्दा त्यांच्याच तोंडून दहा मिनिटांपूर्वी "बरोबर" म्हणून गेला होता, तो गेला कुठे कोणास ठाऊक.

माझ्या मते छोट्या पक्षाच्या धोरणाबद्दल जनमत वगैरे जे म्हणतात ते आपल्याकडे नसतंच. जनमत असतं ते त्याच्या मतांबद्दल, ती कोणाच्या ताटातली आहेत याबद्दल. आणि लोकांना अक्कल नाही म्हणून हे होतं असं मला म्हणायचं नाहीये, उलट लोकांना जास्तच अक्कल आहे. त्यांनी इतक्या वेळा खरोखर पाडायला उभे केलेले उमेदवार बघितलेत की आता खरा असला तरी ओळखायचा कसा? त्याच लोकसभेला आमच्याकडे पिपाणीवाल्या अपक्षाला एक लाखाच्या वर मतं पडली हो. एक लाख! ना सभा, ना पत्रक, शरद पवार गटाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि याच्या पिपाणीचं नावपण आयोगाच्या यादीत तुतारी लिहिलेलं, आडनावपण त्यांच्या उमेदवारासारखंच, लोकांनी दाबलं बटन. साताऱ्यात तर पिपाणीला ३७ हजार आणि पवार गटाच्या उमेदवाराची हार झाली ३२ हजाराने. ज्याच्याकडे मुद्दाच नाही त्याला लाख, आणि गुरुजी दोन हजार शिक्के मारून बसलेत.

घरी आलो तर वहिनीला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं, भाकरी थापता थापता, मध्ये एकदाच विचारलं ते सातबाऱ्याचं परत सांगा म्हणून. मग म्हणाली, "भाऊजी, छान आहे. पण माझ्या खात्यात पंधराशे पाच वेळा आलेत. तुमच्या कागदावरचे नव्वद दिवस मला पासबुकात कुठे दिसतील?"

मला उत्तर सुचलं नाही. आजपण नाही. लाडकी बहीण जुलैपासून चालू झाली आणि निवडणुकीच्या आधी पाच हप्ते, साडेसात हजार, हातात पडलेले. मग एक बाजू म्हणाली २१००, दुसरी म्हणाली ३०००. पेपरात "रेवडी" म्हणून लिहिणारे लिहोत, पण वहिनीचं लॉजिक मला तरी खोडता येत नाही, तिने जाहीरनामा नुसता वाचला नाही, वसूल करून बघितलाय. छोट्या पक्षाकडे दाखवायला असं एकही पासबुक नसतं. सत्ता नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून मत नाही.

आता सातबाऱ्याचं तिने परत का विचारलं ते सांगतो. आमच्या आईचं नाव सातबाऱ्यावर आहे, ते वडिलांनी लक्ष्मीमुक्तीत लावलं. तरुण पोरांना माहीत नसेल, शेतकरी संघटनेचा कार्यक्रम होता तो, शरद जोशींचा, की नवऱ्याने स्वतः जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. त्याच्या आधी १९८६ ला चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन झालं, आमची आई ट्रॅक्टरमध्ये बसून गेली होती, ती गोष्ट आम्ही जेवताना इतक्या वेळा ऐकलीय की मलाच वाटतं मीपण गेलो होतो. वडील १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात रस्त्यावर होते, उसाला टनाला ३०० रुपये मागत होते. छातीवर तो लाल बिल्ला. आणि हेच वडील, निवडणूक आली की मत द्यायचे दुसरीकडे! शरद जोशींनी नंतर १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, स्वतः उभे राहिले, पडले. सभेला मैदान पुरायचं नाही आणि मतपेटीत काही नाही. मी एकदा वडिलांना विचारलं होतं असं का, तर म्हणाले, "आंदोलन आपल्यासाठी असतं रे, मत तलाठ्यासाठी असतं." म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. उद्या काम पडलं तर ज्याचा फोन तहसीलला चालतो त्याला मत.

आणि त्या संघटनेचं, पक्षाचं म्हणणं काय वाया गेलं का? लक्ष्मीमुक्तीचा पुढे सरकारनेच जीआर काढला. जीवनावश्यक वस्तू कायद्याचा दांडका शेतमालावरून काढा ही त्यांची पहिल्यापासूनची ओरड, ती २०२० च्या दुरुस्तीत बऱ्यापैकी आली, आणि २०२१ ला तिन्ही कृषी कायदे रद्द झाले त्यात गेलीपण, तो विषय वेगळा आहे आणि त्याच्यावर माझ्याशी कमेंटमध्ये भांडू नका. त्याच्याही आधी राजाजींचा (सी. राजगोपालाचारींचा) स्वतंत्र पक्ष, १९५९ चा, प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना लागतो म्हणून लायसन्स-परमिट राजच्या नावाने बोंबलत होता, १९६७ ला ४४ खासदार आले, १९७४ ला पक्ष संपला आणि १९९१ ला काँग्रेसच्याच सरकारने लायसन्स राज मोडलं. आंबा एकाने लावायचा आणि पाटी दुसऱ्याने विकायची. आम्हा कांदावाल्यांना यात नवीन काही नाही म्हणा.

पण गुरुजींचीपण चूक आहे, ती सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. दिवसा आठ तास वीज, ठीक, पण पैसे कुठून? पत्रकात एक ओळ नाही. निवडणूक आयोगाचंच म्हणणं आहे की आश्वासन दिलं तर पैसा कुठून येणार ते मोटामोटी सांगा, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानंतर तसं आचारसंहितेत घातलंय, मोठे पक्ष त्याला किती जुमानतात ते आपण बघतोच, पण मोठ्याने नाही सांगितलं तर चालतं आणि छोट्याने नाही सांगितलं तर लोक म्हणतात याला द्यायचंच नाही म्हणून काहीपण लिहितोय. आणि दुसरं, निर्यात हा विषय केंद्राचा, विधानसभेला उभा राहणारा माणूस तो करणार कसा? मी विचारलं तर गुरुजी म्हणाले विधानसभा ठराव तर करू शकते. करू शकते, मान्य, पण मार्केटच्या लायनीत हे सांगायला गेलो असतो तर नानांनी मला ट्रॉलीत कांद्याखाली पुरलं असतं.

निकाल लागला. डिपॉझिट गेलंच, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या वर लागतात, दोन लाख मतं पडली तर तेहतीस हजाराच्या वर, गुरुजींचा उमेदवार चार आकड्यातपण गेला नाही. नंतर फॉर्म २० येतो, त्यात बूथप्रमाणे मतं असतात, मी आमचं बूथ शोधलं. नोटा ९. शिलाई मशीन ७. मला तोंडावर "यंदा यांनाच" म्हणणारे मी मोजलेले, मला धरून, तेवीस होते. तेवीसमधले सोळा कुठे गेले याचा मला लय राग आला, दोन दिवस राग होता, मग लक्षात आलं की त्या सोळात एक मी आहे. मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा डोक्यात एकच होतं, अटीतटीची आहे, आपलं मत वाया नको जायला. गुरुजींना हे अजून सांगितलेलं नाही. ते फेसबुकवर नाहीत.

परवा गुरुजी परत आले होते. हातात पुढच्या पत्रकाचा प्रूफ, यावेळी झेडपीसाठी. म्हणाले तू मागच्या वेळी फार बोलला होतास, आता लाल पेन घे आणि खोड. मी बसलो. शाळेचा मुद्दा वर घेतला, बोर्डाचा ठेवला, पैसे कुठून येणार त्याला दोन ओळी वाढवल्या, विजेचा काढला. ९० दिवसाचा काढला, म्हटलं गुरुजी झेडपीचा आणि निर्यातीचा काय संबंध, लोक हसतील. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि खोडलेल्या ओळीच्या वर तोच मुद्दा परत लिहिला, शाळेत फळ्यावर लिहायचे तसं ठळक. "हसू दे. वाचतील तरी."

खाली बघितलं तर प्रती १०००.