शेकाट्याचे पाय आणि 'नाइस क्लिक'

पक्ष्यांचे फोटो इथे टाकायला लागून मला चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत 'नाइस क्लिक', 'वॉव', 'अप्रतिम ताई' आणि ते टाळ्यांचे हात इतके जमलेत की प्रत्येकी रुपया मिळाला असता तर लेन्सचा हप्ता कधीच फिटला असता. राग मानू नका, मलाही आवडतं ते, सकाळी उठून चहाच्या आधी तेच बघते. पण फोटो सुधारले ते तीन-चार खवचट कमेंट्समुळे, हे आज कबूल करून टाकते.

पहिली कमेंट कवडीपाटला काढलेल्या शेकाट्याच्या (लांब पायांचा पाणपक्षी) फोटोवर. कवडीपाट म्हणजे सोलापूर रोडने लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवरचा जुना बंधारा, थंडीत पुण्यातले निम्मे कॅमेरे रविवारी तिथेच असतात. पक्षी मोठा दिसावा म्हणून मी दणकून क्रॉप मारला होता. एका काकांनी लिहिलं, "अगं, शेकाट्याचे पायच कापलेस की, मग उरलं काय?" आणि खाली, "शिवाय गच्चीतून अंगणातल्या कोंबडीकडे बघावं तसा काढलायस." दोन दिवस तोंड फुगवून बसले होते मी. मग जुना फोटो परत उघडून बघितला तर काय, खरंच! त्या पक्ष्याची सगळी शान त्या लांबलचक गुलाबी पायांत, आणि तेच अर्ध्यात छाटलेले.

पुढच्या रविवारी जुना रेनकोट अंथरून काठावर पालथी पडले. वास विचारू नका. पण लेन्स पाण्याच्या लेव्हलला आली आणि सगळं बदललं, मागचा काठ लांब जाऊन मऊ धूसर झाला, पुढचं पाणीही विरघळलं, मधे तेवढा शेकाट्या, त्याचा लाल डोळा माझ्या डोळ्यासमोर. तोच कॅमेरा, तीच लेन्स बरं का, एक रुपया खर्च नाही (ड्रायक्लीनिंग सोडून).

दुसरा टोमणा बगळ्यावरून. "हा बगळा आहे की दोरीवर वाळत घातलेला सदरा?" म्हणजे पांढरा रंग पार जळलेला, पिसं दिसतच नव्हती. काळपट पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो सगळाच फोटो उजळवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, मायनस पॉइंट सात किंवा मायनस एक करायचं, एवढीच गोष्ट, पण मला ती कळायला दीड वर्ष गेलं. पांढरा एकदा पूर्ण जळला की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याची कच्ची, मूळ फाइल) परत येत नाही, कुठलंही सॉफ्टवेअर लावा.

एडिटिंगबद्दल माझं मत तिथूनच बनलं. 24 मेगापिक्सेलचा फोटो लांबीला पाव आणि रुंदीला पाव एवढा क्रॉप केला की हातात दीड मेगापिक्सेल उरतात, मग डीनॉइज (फोटोतले दाणे घालवणं) फिरवा, शार्पनिंग फिरवा, पक्षी मेणाचा दिसायला लागतो. आणि सॅच्युरेशन! माझे पहिल्या वर्षीचे खंड्या बघा, गणपतीच्या मखराला चिकटवायच्या लायकीचे निळे आहेत. आता मी एक्स्पोजर थोडं सरळ करते, डोळ्यावर थोडं शार्पनिंग देते आणि लॅपटॉप बंद करते.

पण सगळाच फीडबॅक ऐकायचा नसतो, आणि ही पोस्ट खरं तर त्यासाठीच लिहायला घेतली. मागच्या महिन्यात शेकाट्याचा मस्त फोटो मिळाला, पाय, पाण्यातलं प्रतिबिंब, सकाळचं पिवळं ऊन, सगळं जुळून आलेलं, फक्त शेजारी फेस आणि एक निळी प्लास्टिकची पिशवी. चार जणांनी सांगितलं, पिशवी काढून टाक, फ्रेम क्लीन होईल. हल्ली बोट फिरवलं की निघतेही. काढली. तीनशेच्या वर लाइक्स. आणि मग एकाने अगदी निरागसपणे विचारलं, "कवडीला पाणी एवढं स्वच्छ झालं? कधी?"

काय उत्तर देणार? क्रॉप करते, एक्स्पोजर सुधारते, त्या माझ्या चुका असतात. पिशवी माझ्या कॅमेऱ्यात नव्हती, नदीत होती. शेकाट्या तिच्या बाजूलाच चोच खुपसून खात होता. पोस्ट डिलीट केली.

'अजून जवळ जायचं ना' हा सल्लाही तसलाच. भिगवणला नाववाल्या दादांना "रोहित (फ्लेमिंगो) उडवा की जरा, फ्लाइट शॉट हवाय" म्हणणारे लोक मी या कानांनी ऐकलेत. अरे, ते पक्षी चिखलात पोट भरायला उतरलेत, तुमच्या प्रोफाइल फोटोसाठी नाही. दुपारी तर तसंही पाण्यावरची गरम हवा थरथरत असते, दोन लाखांची लेन्स लावली तरी लांबचा पक्षी मऊच येतो. सकाळी लवकर जा, गप्प बसा, जवळ यायचं की नाही ते त्याला ठरवू दे.

काल तोच फोटो पिशवीसकट परत टाकला. एक्केचाळीस लाइक्स. काकांची कमेंट रात्री साडेअकराला आली: "यावेळी पाय नाही कापलेस. पण क्षितिज डावीकडे झुकलंय."

बघितलं. झुकलंय.